आडोसा

सोयाबीनच्या सोंगणी-कापणीला निघताना तानुबाईनं सुनेच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या स्वतःच्या हातानं कोंबल्या. मेहकरच्या डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, काजलच्या रक्तात सिकलसेल आहे; गोळी रोजची, पाणी भरपूर, ऊन-थंडी सांभाळायची, अंग मोडेस्तोवर काम करायचं नाही. एवढं पाळलं तर संसार चारचौघींसारखा. सोयरीक जुळताना काजलच्या बापानं काही लपवलं नव्हतं. तानुबाईच्या पोरानं, गणेशनं, स्वतःचं रक्त तपासून घेतलं, ते चांगलं निघालं, मगच साखरपुडा झाला. पण मागच्या हिवाळ्यात काजलच्या हाडांत कळा सुटल्या, तेव्हाचं तिचं ओरडणं तानुबाईच्या कानातून जात नव्हतं. सून नुसती कण्हली तरी तानुबाई उठून बसे.

"घरी बसून जीव आंबून राह्यला, आत्याबाई," म्हणत काजलच हट्टानं टोळीत आली होती. टोळीची मुकादमीण मंजुश्री तोंडाची फटकळ, पण तिनं पेंढ्या गोळा करायचं हलकं काम दिलं.

वाटेनं चालताना तानुबाई सवयीनं बोलून गेली. तिची सासूही तिला हेच सांगायची.

"वावरात पानी बेतानं पेजो बाई. तिथं आडोसा नाई."

बोलली आणि विसरली.

महादेवरावांचं वावर सपाट. नुसतं सोयाबीन, आडोशाला उंच तुरीची एक ओळही नाही. एका अंगाला सडक, दुसऱ्या अंगाला मळणीचं मशीन, त्याच्यावरचे गडी आणि दाणे झाकायची ताडपत्री. बांधावर एक बाभूळ, तीही विरळ. दिवाळीच्या तोंडावरचं ऊन डोकं फोडत होतं आणि बायका सकाळपासून कोरड्या घशानं वाकल्या होत्या. पाण्याची घागर नावालाच आणलेली.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली, तेव्हा काजल गुडघा चोळताना दिसली. तानुबाईनं पिशवी ओढली. दोन्ही बाटल्या गच्च भरलेल्या.

"काऊन वं? पेलीच नाई?"

"तुमीच तं म्हनलं. पेलं का जा लागते. जावं कुठी?"

तानुबाईला सकाळचे आपलेच शब्द आठवले. ज्या दुखण्याच्या भीतीनं ती रात्र रात्र जागली, तेच तिनं आज आपल्या तोंडानं सुनेच्या पदरात बांधलं होतं.

"पे. आताच पे."

काजल दोन घोट प्याली, थांबली आणि मशीनवरच्या गड्यांकडं बघू लागली.

"दुखते का?"

"थोडं. मांडीत."

मागच्या वेळीही ती आधी 'थोडं'च म्हणाली होती. तानुबाईनं गणेशला फोन लावला. "गण्या, गाडी घेऊन ये. दवाखान्यात जा लागते."

"तानुबाई, उठा ना व! पात मांगं पडून राह्यली," मंजुश्री ओरडली.

तानुबाई उठली, पण आपल्या वाट्याच्या पातीवर कापायला गेली नाही. ती थेट मशीनजवळ महादेवरावांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्यापुढं तिनं आजवर मान वर करून शब्द काढला नव्हता.

"मालक, ते ताडपत्री द्या."

"काऊन? पाऊस येऊन राह्यला काय?"

"बायकाइले मुताले जा लागते. आडोसा पाह्यजे."

मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, ओरडून. गड्यांनी माना फिरवल्या. महादेवराव पायाजवळच्या ढेकळाकडं बघत राहिले. "न्या," म्हणाले.

बांधावरच्या कुंपणाच्या कोपऱ्यात खांबांना ताडपत्री दोन्ही अंगांनी आड येईल अशी बांधली. काजल आड जाऊन आली, सावलीला टेकली आणि मग तिनं अख्खी बाटली संपवली.

मंजुश्रीनं विळा फेकला. "सरका व, माही बारी! सकायपासून धरून बसली मी." तिच्यामागं साऱ्या बायका रांगेत लागल्या आणि घागर हातोहात फिरू लागली.

सडकेवर गणेशची मोटारसायकल थांबली. "कमी हाये आता," काजल म्हणाली. तानुबाईचा विश्वास बसला नाही.

"तरी दाखवून ये." तिनं दुसरी बाटली तिच्या हातात दिली. "वाटेनं पेत जाय. लागली तं गाडी थांबवजो. लाजजो नको."

गाडी वळणाआड गेली. तानुबाई घागरीजवळ आली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा भर वावरात तांब्याभर पाणी घटाघटा प्याली.