पाठीला चिकटलेली थाळी

मध्य प्रदेशात, देवासजवळच्या टोंकखुर्दच्या माळावर त्या गुरुवारी शंभरेक माणसं उघड्या पाठीनं रांगेत बसली होती. प्रत्येकाला कुत्रा चावलेला. थाळीवाले महाराज एकेकाला पुढे वाकवत, पाठीवर मंत्राचं पाणी चोळत, पातळ पितळी थाळी दाबत आणि हात सोडत. थाळी चिकटून राही!

“देखो भिया, जहर ने पकड़ ली!” महाराज गरजत. मग थाळीवर मूठमूठ मूग फेकत. थोड्या वेळानं ती ठणकन खाली पडे. “उतर गया! अब सुई मत लगवाना, मंत्र कट जाएगा.”

देवासला शिलाई मशीन दुरुस्त करणारे मानाजी जाधव याच रांगेतून विषमुक्त होऊन परतले. दोनच दिवसांनी त्यांना चावलेला कुत्रा गल्लीत मरून पडला. मानाजींनी फोन केला, तर महाराज खूश! “तुम्हारा जहर उसी में लौट गया!” ही हकीकत मानाजींनी चहाच्या टपरीवर इतक्या वेळा सांगितली की शेवटी त्यांना कुत्र्याचीच दया यायला लागली.

दुसऱ्या दिवशी बायको विनोदिनी त्यांना आरोग्य संग्रहालयात घेऊन गेली. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत एसी फुकट होता.

तिथं माहिती सांगणाऱ्या प्रमोदिनीबाई देवी, पटकी, क्षय अशा रोगांच्या काचपेट्या दाखवत पिसाळलेल्या कुत्र्याच्या चित्रापाशी आल्या. “लाळेतला विषाणू जखमेतून शिरतो आणि नसांमधून मेंदूकडे सरकतो. मग पाण्याचा घोटही गिळवत नाही. रोग एकदा दिसायला लागला की माणूस हातचा जातो. त्याआधी लस घेतली, तर वाचतो.”

“आमचं थाळीनंच उतरलं,” मानाजी ऐटीत म्हणाले. “कुत्राही मेला, बाई!”

बाई थबकल्या. “चावला कधी?”

“चार दिवस झाले.”

“आणि मेला?”

“काल.”

“अहो, म्हणजे तो पिसाळलेलाच असणार! तुमचं विष त्याच्यात कसलं जातंय? त्याचंच तुमच्यात आलं असेल.”

“मग थाळी कशी चिकटली?” मानाजींचा आवाज बारीक झाला होता.

बाईंनी कँटीनमधून स्टीलची थाळी मागवली आणि पहारेकऱ्याला शर्ट काढायला लावला. “शुभंकर, तुला कधी कुत्रा चावलाय?”

“नाही, बाई.”

त्याच्या वाकलेल्या पाठीवर ओला हात फिरवून त्यांनी थाळी दाबली. चिकटली! “पाण्यामुळे फटी बुजतात, दाबल्यानं मधली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा थाळीला धरून ठेवते. पाणी वाळलं, दाणे आदळले, की हवा आत शिरते आणि थाळी पडते.”

“पण बाकीचे बरे होतात की!” विनोदिनी म्हणाली.

“त्यांचे कुत्रे पिसाळलेले नसतात. ज्याचा असतो, तो तक्रार करायला परत येत नाही.”

मानाजी मटकन खाली बसले.

“अहो, बसताय काय? उठा!” विनोदिनीनं त्यांना ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. जखमेत औषध टोचलं, लस सुरू झाली. महिनाभर मानाजी पाण्याचा प्रत्येक घोट जीव मुठीत धरून पीत होते. नीट उतरला की डोळे मिटत.

शेवटची सुई झाल्यावर ते गुरुवारी स्कूटर काढून टोंकखुर्दला गेले. रांगेत एक बाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या गालावर दातांचे ताजे व्रण होते.

“बेन, मुझे काटा वो कुत्ता पागल था,” मानाजी म्हणाले. “सुई से बचा हूँ. छोरी को लेके गाड़ी पे बैठो.”

चेला अंगावर धावला. “ऐ भिया, लाइन मत बिगाड़ो!”

बाईनं एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा मुलीच्या गालाकडे. मग ती उठली. तिच्यामागून आणखी दोघं शर्ट चढवत उठले.

कुत्रा पिसाळलेला होता की नाही, हे कुठल्याही थाळीला कळत नाही. चावला, तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.