कपाटातले टॅब

जेवणानंतरच्या भाषणाला मुख्याध्यापक बसवले, की निम्म्यांचे डोळे मिटतात आणि उरलेल्यांचे घड्याळाला चिकटतात. माझी ताईही मुख्याध्यापिका. पहिल्या रांगेत बसून ती मात्र डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. लहानपणी माझे पाढे चुकले की अशीच बघायची.

तीन वर्षं शाळाशाळांतून मी एकच गोष्ट ताडून बघत होते: वर्गातले टॅब किती तास चालू राहिले आणि मुलांचं वाचन किती सुधारलं. पडद्यावर आलेख लावला आणि म्हणाले, "सात नंबरच्या शाळेत टॅब सगळ्यांत जास्त वेळ चालू होते. वाचन मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे टॅबचा उपयोग नाही. माझा अहवाल मान्य झाला, की ते सगळ्याच शाळांतून परत जातील."

"सुटलो बाबा!" मागून कुणीतरी म्हणालं.

ताई उठली. "सगळ्यांत जास्त तास? मग ती शाळा माझीच."

नाव मी मुद्दाम झाकलं होतं.

"तास कमी भरले की वरून फोन येतो," ताई म्हणाली. "म्हणून आम्ही सकाळी टॅब चालू करतो, धडा लावतो आणि कपाटात ठेवून कुलूप घालतो. एखादा फुटला तर भरपाई वर्गाच्या बाईंच्या गळ्यात पडायची! मुलांनी हातसुद्धा लावलेला नाही. बाईंना बोल लावू नकोस. मीच सांगितलं होतं तसं."

"म्हणजे तीन वर्षं कपाटच शिकलं!" शेजारचे सर खदखदून हसले. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडचंही."

मला ताईचा भयंकर राग आला. रोज फोनवर तासभर गप्पा, आणि हे आज, चारचौघांत! पण माझ्या हातून चुकीचं काही होऊ नये म्हणून ती स्वतःची अब्रू पणाला लावून उभी होती. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडूच यायला लागलं.

पडद्यावरचा निष्कर्ष मी सगळ्यांसमोर पुसला. सगळी मेहनत पाण्यात. मग विचारलं, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

एकेकाचा हात नकळत खिशाकडे गेला.

ताईनं पर्समधून किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"उद्यापासून ही बाईंकडे. फुटला तर मी बघेन," ती म्हणाली. "तू पुन्हा मोज."