रेग्युलेटरचे अकरा टोले

सकाळी अकरा वाजता दिवाणखान्यातल्या उंच घड्याळाने अकरा टोले दिले आणि ताईच्या हातातला कप बशीवर आपटला.

"भरदार आहे ना आवाज?" धाकट्या भावाने कौतुकाने विचारलं.

हे घड्याळ व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, माणसापेक्षा उंच, रेग्युलेटर जातीचं. म्हणजे बाकीच्या घड्याळांनी ज्याच्याकडे बघून चालायचं ते. त्यांच्या वडिलांच्या, अण्णांच्या दुकानात दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ आधी त्याच्याशी जुळवलं जाई आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात पडे. त्याला टोले नव्हतेच. मुद्दाम नव्हते. टोल्यांना लागणारी ताकद यंत्रातूनच जाते आणि चालीत खोट येते. "ज्याला वेळ बरोबर सांगायची आहे, त्याने बोंबलू नये," असं अण्णा म्हणत, आणि बहुतेक वेळा या धाकट्या मुलाकडे बघूनच म्हणत.

अण्णांच्या मागे दुकान ताईने चालवलं. नवी जागा बुटक्या छताची, म्हणून घड्याळ भावाकडे ठेवलं होतं. अट एकच: त्याच्या पेटीचं दार ताईनेच उघडायचं. दर रविवारी येऊन ती किल्ली देत असे. मग तिचा पाय मोडला आणि दोन महिने ती घरात अडकली. आज पहिल्यांदाच काठी टेकत आली होती.

तिने पेटीचं दार उघडलं. वजन नव्हतं. दोरी नव्हती. नव्याच कुठल्याशा तबकडीमागे काळ्या प्लास्टिकची डबी आणि तिच्यात एक सेल. खाली पत्र्याचा लंबक भुकेल्या कुत्र्याच्या शेपटीसारखा हलत होता. जुना लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला पुरा एक सेकंद घेई.

"जुनी तबकडी कुठे आहे?"

"ती कोणाला कळायची, ताई? मिनिटांचा काटा मोठा, तास वेगळ्या छोट्या वर्तुळात. पाहुणे घड्याळासमोर उभे राहून मला वेळ विचारायचे."

"आणि मशीन?"

"ते बंदच पडलं होतं. तू पडलीस, पाठोपाठ तेही. म्हटलं, बिघडलं."

"बिघडलं नव्हतं. किल्ली संपली होती."

भावाने वाकून पेटीत डोकावलं.

"घड्याळजीच्या घरात वाढलास तू," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. "एक फोन करायला काय झालं होतं?"

"तू दुखण्यात होतीस. तुला चकित करायचं होतं."

"झाले."

"ताई, लंबक आणि तबकडी मी टाकू दिली नाही हं," भावजय घाईने म्हणाली. "लंबकाच्या तळाशी असते त्या पाऱ्याच्या बरणीसकट सगळं वरच्या खोलीत आहे. मशीन मात्र हे नवं बसवणाऱ्या माणसाने नेलं. नव्याच्या बदल्यात जुनं, असं ठरलं होतं यांचं."

"भांडी घेतात तसं," ताई म्हणाली. तिने सेल काढून पर्समध्ये टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि भावाला म्हणाली, "चप्पल घाल."

तो माणूस बाजारात भिंतीवरची घड्याळं विकत होता. मशीन त्याच्या टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं. "हे धूड ना? न्या. जागाच अडलीय," तो म्हणाला. ताईने ते तिथेच उजेडात धरलं. चाकं शाबूत होती, दातेही. पण लंबकाला ठेका देणारा तुकडा, ज्याच्या दोन टोकांना याच चाकाच्या दात्यांशी जुळवून घासलेले माणकाचे खडे बसवलेले होते, तो जागेवर नव्हता.

"तो सुटाच झाला होता," दुकानदार म्हणाला. "एका गिऱ्हाइकाला खडे आवडले. बायकोच्या लॉकेटला बसवतो म्हणाला. मी तसाच दिला."

"कोण गिऱ्हाईक?"

"नाव नाही माहीत. पण सेल बदलायला येतो कधीमधी."

"तुम्ही घड्याळाचा श्वास काढून लॉकेटला दिलात," ताई म्हणाली. भाऊ समजुतीने म्हणाला, "ताई, तसे खडे दुसरीकडे मिळतील की." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की मशीनचं खोकं त्याने न सांगता उचललं.

मशीन आता ताईच्या टेबलावर फडक्याखाली आहे. लंबक आणि तबकडी भावजयीने स्वतः आणून दिली. तिच्याकडूनच कळलं, की भावाने पेटीचं कुलूप काढून नवा सेल घातला आहे आणि घड्याळ पुन्हा टोले देतं. ताई रोज दुकान उघडण्याआधी बाजारात जाऊन येते. खडे नेणारा माणूस अजून सेल बदलायला आलेला नाही.