फक्त मला दिसणारा फोटो

रेणापुरात सुनेनं फोटो टाकला की गावभर बोभाटा! म्हणून जवसाच्या निळ्या फुलांत केस मोकळे सोडून काढलेला माझा फोटो मी फेसबुकवर 'फक्त मी' करून ठेवला. दुपारी तळहातावर फोन धरून बघत बसायचे, अन् ती निळाई हळूहळू अंगणभर पसरायची.

एकदा सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाला दिसतो गं हा?"

"कुणालाच न्हाई. मलाच."

आता बोलणी खायची, म्हटलं. पण त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला.

"मी ह्याला रोज पूजेत तळहातावर घेऊन बघत बसते, ते काय लोकांना दाखवायला?"

मग त्यांनी अंबाडा सोडला. पांढरे केस कमरेपर्यंत आले.

"माझा बी काढ. पण तू बघू नको."

मी डोळे मिटून बटण दाबलं.