थांबवलेली प्रत

ताईंनी प्रिंटरचं बटण दाबून धरलं, मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं आणि सोडलं. यंत्राच्या पोटात काहीतरी घरघरलं, कागद ओढणारा रूळ एकदा फिरला आणि थांबला. निळा दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. लॅपटॉपवर प्रिंटरच्या चित्राखाली मघाचाच करडा शब्द होता, ऑफलाइन.

त्यांनी पुन्हा प्रिंट दिली. ही कितवी वेळ हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लिफ्ट येत नाही म्हणून बटण दाबत राहणाऱ्या माणसांना त्या एरवी हसत असत.

समोरच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. तो एका शाळेत हेडक्लार्क होता. ती घरी शिवणाचे क्लास घेत असे. दवाखान्यात आता त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. बाईंच्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि त्याचा रिपोर्ट लॅबकडून दुपारीच ताईंच्या लॅपटॉपवर आला होता. तो छापायचा, आत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा आणि या दोघांना आत पाठवायचं, एवढंच काम होतं.

डॉक्टर पडद्यावर रिपोर्ट वाचत नसत. कागद हवा. पेन्सिल घेऊन ओळीखाली रेघ ओढत, तोच कागद पेशंटपुढे ठेवून ते समजावून सांगत. ताईंनी मघाशी आत जाऊन लॅपटॉपच घेऊन येऊ का, असं विचारून पाहिलं होतं. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली होती. त्यांना थोड्या वेळात दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशनला निघायचं होतं, आणि निघाले की परत भेट सोमवारी. पेशंटचे कागद बाहेरच्या दुकानात छापायला न्यायचे नाहीत हाही त्यांचाच नियम. लॅपटॉपला प्रिंटर जोडायची वायर असती तर प्रश्नच नव्हता. ती जुन्या लॅपटॉपबरोबर कुठेतरी गेली होती. दुरुस्तीवाल्याचा फोन बंद होता.

आणखी एक नियम होता. डॉक्टर बोलेपर्यंत बाहेरच्या रिसेप्शनच्या टेबलावरून कोणी काही बोलायचं नाही. ताईंच्या आधी इथे एक मुलगी होती. तिने कुणाला तरी कळवळून सांगितलं, की काळजी करू नका, सगळं ठीक आहे. ते ठीक नव्हतं. त्याच संध्याकाळी तिचं काम सुटलं.

ताई बोलत नसत, पण वाचत. इतकी वर्षं या खुर्चीत बसल्यावर नजर आपोआप शेवटच्या ओळीवर जाते. आजही गेली होती. तेव्हापासून त्यांनी बाईंना दोनदा पंखा वाढवू का म्हणून विचारलं होतं आणि एकदाही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

बाई मात्र मजेत होत्या. डॉक्टरांच्या दारावरचा पडदा एका बाजूने आखूड आहे हे त्यांनी आल्या आल्या हेरलं होतं. ज्याने शिवला त्याने कापड न भिजवता कापलं असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या आठवड्यात पडदा काढून ठेवा, मी घरी नेऊन नीट करून देते, पैसे नकोत, फक्त मला आत सोडताना असं ताटकळत ठेवू नका, असंही त्यांनी ताईंना ऐकवलं. ताई हसल्या. आपलं हसू किती वेळ टिकवायचं हे त्यांना कळेना.

"अहो, तुम्ही जा की तिकडे," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "ताई, यांना बसवा तिथे. शाळेत यांचं दुसरं काम काय असतं? दाखले कमी देतात आणि प्रिंटरच्या नाकदुऱ्या जास्त काढतात."

हेडक्लार्क संकोचून उठले. बघू का, असं त्यांनी विचारलं. ताई नको म्हणणार होत्या, माणूस येतोच आहे असं काहीतरी. पण आतून घंटा वाजली आणि डॉक्टरांचा आवाज आला, की ताई, रिपोर्टचं काय झालं. पाच मिनिटं सर, असं उत्तर देईपर्यंत हेडक्लार्क टेबलाला वळसा घालून खुर्चीपाशी आले होते.

रिपोर्ट पडद्यावर उघडाच होता.

ताईंनी झटक्यात हात लांब करून तो बंद केला. कोपर लागून पेनांचा डबा आडवा झाला, दोन पेनं घरंगळत जमिनीवर गेली. हेडक्लार्कांनी वाकून ती उचलली, डबा सरळ केला, पेनं आत ठेवली. मग खुर्चीच्या कडेवर बसले. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसताना माणूस जसा बसतो तसे.

त्यांनी प्रिंटरची रांग उघडली. एकाखाली एक सात ओळी, सातही सारख्या. प्रत्येकीत एकच पेशंट-नंबर. तो नंबर त्यांच्या काखेतल्या फाइलवरही ठळक अक्षरांत लिहिलेला होता, पण त्यांनी फाइलकडे पाहिलं नाही.

"सातदा दिलंय तुम्ही," ते म्हणाले.

ताईंनी मान डोलावली. एवढा वेळ त्यांच्या डोक्यात न आलेली गोष्ट आता आली. प्रिंटर ज्या क्षणी चालू होईल त्या क्षणी सातच्या सात कागद एकामागून एक बाहेर येतील, छापील बाजू वर करून, या माणसाच्या कोपराशी.

हेडक्लार्कांनी माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. ते बोलले ते पडद्याकडे बघत, बाकापर्यंत पोचणार नाही अशा आवाजात.

"चांगला असता, तर तुम्ही तो इतक्या घाईने मिटला नसता."

ताईंनी उत्तर दिलं नाही. टेबलावरून बोलायचं नव्हतंच. गप्प राहणंही उत्तरच होतंय हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर होऊन गेलं होतं. त्या पेनांचा डबा उगाच या बाजूचा त्या बाजूला करत राहिल्या.

"राउटर बदललाय का एवढ्यात?" हेडक्लार्कांनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

कालच बदलला होता. इंटरनेटवाला येऊन नवा बसवून गेला होता. ताईंनी त्याच्यासमोर लॅपटॉप वायफायच्या नव्या नावावर जोडून घेतला, डॉक्टरांचा फोनही जोडून दिला. प्रिंटर कोणाच्या ध्यानातच आला नाही.

"म्हणजे हा अजून जुन्यालाच शोधतोय. त्याला कुणी सांगितलंच नाही."

ते उठून कपाटाजवळ गेले. नवा राउटर कपाटावर ठेवलेला होता. टाचा उंचावून त्यांनी तो खाली घेतला, उलटा केला आणि मागचा पासवर्ड चष्मा कपाळावर सरकवून वाचायला लागले. ताई प्रिंटरपाशी उभ्या राहिल्या. प्रिंटरच्या इवल्याशा पट्टीवर एकेक अक्षर बाणाच्या बटणाने गाठावं लागत होतं. मोठा के, लहान आर, चार, पुन्हा चार. एकदा चुकलं, मागे यावं लागलं. हेडक्लार्कांचा आवाज हजेरी घेतल्यासारखा सरळ होता. फक्त एकदा, एका आकड्यापाशी, ते थांबले. ताईंना वाटलं, त्यांना तो नीट दिसत नसावा. त्यांनी खाकरून आकडा सांगितला.

"अहो, परीक्षेचे निकालसुद्धा एवढ्या वेळात लागतात," बाकावरून बाई म्हणाल्या.

"लागतात," ते म्हणाले.

शेवटचं अक्षर घालून ताईंनी ओके दाबलं. दिवा लुकलुकत होता. हेडक्लार्क राउटर जागेवर ठेवून पुन्हा लॅपटॉपपुढे बसले होते आणि त्यांचा हात माउसवर चालत होता. दिवा आणखी थोडा वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला.

ट्रेपुढे ताईंनी नकळत दोन्ही हात धरले होते, नळाखाली धरावेत तसे. आता रूळ फिरेल, आता कागद ओढला जाईल. काही झालं नाही. यंत्र शांत होतं.

त्यांनी वळून पडद्याकडे पाहिलं. ऑफलाइन हा शब्द गेला होता. रांगेत सातऐवजी एकच ओळ होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, थांबवलेले.

"काय हो, झालं का?" बाईंनी विचारलं.

"नाही गं. पासवर्ड घेत नाहीये," हेडक्लार्क म्हणाले.

मग खुर्चीवरून उठता उठता, ताईंच्या बाजूला झुकून, हळूच म्हणाले, "बाकीच्या काढून टाकल्यात, एकच ठेवलीये. इथे दाबलं की सुरू होईल. फक्त पाच मिनिटं द्या. तिचं ते पडद्याचं बोलून होऊ दे."

आणि ते जाऊन बायकोशेजारी बसले.

ताई खुर्चीत बसल्या. खुर्ची गरम होती. पडद्यावरच्या एका छोट्या बटणावर त्यांची नजर खिळून राहिली. पाच मिनिटांनी कुणाचं काय बिघडतं, असं त्यांनी स्वतःला विचारलं. बिघडत नव्हतं काहीच. पण डॉक्टर निघाले तर सोमवार, आणि सोमवारपर्यंतचे दिवस हा माणूस पासवर्ड घेत नाहीये असं म्हणत काढू शकणार नव्हता. तिकडे बाई हाताने हवेत पडद्याची दुमड दाखवत काहीतरी सांगत होत्या. नवरा वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा मन लावून ऐकत होता. मध्येच त्याने काही विचारलं. त्या त्याच्या दंडावर चापट मारून हसल्या, आणि तोही हसला. त्याचं हसू खरं होतं की नाही, ताईंना इतक्या लांबून ठरवता आलं नाही.

घंटा वाजली. डॉक्टरांनी बॅग भरायला घेतल्याचा आवाज आतून येत होता.

"होतच आलंय, सर," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या या टेबलावरून डॉक्टरांशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या. आवाज मात्र रोजचाच निघाला, याचं त्यांना नवल वाटलं.

बाईंनीही ती घंटा ऐकली. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की उगाच बसून काय राहताय, खाली जाऊन चहा तरी घेऊन या, ताईंनाही आणा, त्या बिचाऱ्या मघापासून त्या यंत्राशी झगडतायत. हेडक्लार्क उठेनात. आत बोलावलं तर, असं पुटपुटले. बोलावलं तर थांबवून ठेवते डॉक्टरांना, त्यांचा पडदा माझ्या हातात आहे, असं त्या म्हणाल्या. ते दारापर्यंत गेले, वळले, आणि बायकोच्या डोक्यावरून ताईंकडे बघत राहिले. ताईंनी किंचित मान डोलावली. मग जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या.

त्या वाजायच्या थांबेपर्यंत बाई बसून राहिल्या. मग उठून टेबलापाशी आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात.

"ताई, दिवा मघाशीच थांबलाय लुकलुकायचा."

ताईंनी वर पाहिलं. आज पहिल्यांदाच त्यांनी बाईंचा चेहरा नीट पाहिला. कपाळावर बारीक घाम होता.

"ते म्हणाले, पाच मिनिटं..."

"म्हणाले असतील. ती पाच मिनिटं त्यांनाच हवी होती. म्हणून मी बडबडत बसले. अहो, पडद्याबद्दल एवढं बोलण्यासारखं असतं तरी काय?" त्यांनी पर्स जवळ ओढली. "आता लावा तो. डॉक्टर थांबायचे नाहीत. आणि ते चहा घेऊन वर यायच्या आत मी आत जाते. डॉक्टर मला सांगू देत, त्यांना मी सांगेन. दुसऱ्याच्या तोंडून त्यांना एकदम काही ऐकवत नाही."

ताईंनी बटण दाबलं.

रूळ फिरला. कागद गिळल्यासारखा आत ओढला गेला आणि ओळीओळीने बाहेर यायला लागला. बाई त्या ट्रेकडे पाठ करून उभ्या होत्या, पर्सची चेन उघडत आणि लावत. ताईंनी कागद पुरता बाहेर येऊ दिला, छापील बाजू खाली करून उचलला आणि पुढे झाल्या. त्यांनी दार उघडून धरलं. बाई आत जाताना पडद्याला हातही लागू न देता गेल्या.

कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून ताई बाहेर आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. आतून डॉक्टरांचा आवाज यायला लागला, सावकाश, मध्ये मध्ये थांबणारा. त्यांनी बॅग बाजूला ठेवली असावी.

जिन्यावर चपला वाजल्या. हेडक्लार्क तीन कागदी कप बोटांच्या त्रिकोणात सांभाळत दारात आले. त्यांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं, मग प्रिंटरच्या ट्रेकडे. तोही रिकामा होता. ताई काहीतरी सांगायला उठणार होत्या, पण त्यांनी आधीच एक कप ताईंच्या पुढ्यात आणून ठेवला, सांडणार नाही असा, हळू.

मग ते बाकावर जाऊन बसले. आपला कप त्यांनी शेजारी ठेवून दिला. तिचा कप हातात घेतला आणि निवू नये म्हणून त्यावर तळहात झाकून धरला.