कॅप्टनचा रिकामा पिंजरा

मित्रांनो, मी एक पिंजरा आहे. जुना, लाकडी आणि रिकामा. सिंगापूरला मरीन परेडमधल्या एका उंच इमारतीत दामल्यांचा फ्लॅट आहे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी टांगलेला असतो. माझ्या एका अंगाला समुद्राकडची खिडकी आहे आणि दुसऱ्या अंगाला बाहेरचं दार. घरी येणारे पाहुणे मला शोभेची वस्तू समजतात. बालीहून आणलात का, असं विचारतात. मी बालीचा नाही. मी पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूहून, जॉर्जटाउनहून आलो आहे.

जॉर्जटाउन ही गयाना देशाची राजधानी. नकाशात ती दक्षिण अमेरिकेच्या खांद्यावर दिसते, पण तिथली माणसं स्वतःला कॅरिबियनच म्हणवतात. मोठं नवलाचं शहर ते! भरती आली की समुद्र शहराहून उंच होतो. म्हणून डचांनी किनाऱ्याला लांबच लांब भिंत घातली, रस्त्यांच्या कडेने कालवे खणले आणि त्यांना झडपा बसवल्या. भरतीला झडपा लावायच्या आणि ओहोटीला उघडायच्या, म्हणजे शहर कोरडं राहतं. डचांनी त्याला स्टाब्रुक म्हटलं, मग इंग्रज आले आणि त्यांनी आपल्या राजाचं नाव दिलं. जुनं नाव आता एका बाजाराला उरलं आहे. स्टाब्रुक बाजार सगळा लोखंडी, वर घड्याळाचा मनोरा. तिथून थोडं चाललं की मोठं चर्च लागतं. ते मात्र पायापासून कळसापर्यंत लाकडाचं, पांढरंशुभ्र. घरंही लाकडाचीच, खांबांवर उभी.

त्या बाजाराच्या मागे, डेमेरारा नदीच्या धक्क्याजवळ, एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. लाकूड जांभळट रंगाचं आणि इतकं कठीण की त्याची करवत दोनदा बोथट झाली. रामसरन नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. ते नदीवरच्या फेरीबोटीवर कामाला होते. गुलामी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांत राबायला इंग्रजांनी जहाजं भरभरून माणसं कलकत्त्याहून आणली, त्यांत रामसरन यांचे पणजोबा होते. पुढच्या पिढ्यांत भाषा गेली. चार शब्द, थोडी भजनं आणि डाळ-रोटी तेवढी टिकली.

माझ्यात राहायला एक टोवा-टोवा आला. मुठीत मावेल एवढं पाखरू, डोकं काळं, पोट तांबूस. रामसरन त्याला कॅप्टन म्हणत. जॉर्जटाउनला रविवारी सकाळी पाखरांच्या गाण्याची शर्यत लागते. दोन पिंजरे शेजारी शेजारी टांगतात, आणि ज्याचं पाखरू न थांबता गात राहतं तो जिंकतो. कॅप्टन कितीतरी वेळा जिंकला. लोक त्याची वाहवा करत आणि जाता जाता माझ्या लाकडावरून हात फिरवत. फेरीबोटीवरचे डेस्मंड तर म्हणत, पाखरू राजा आहे आणि पिंजरा राजवाडा. मला ते खरं वाटे. खोटं कशाला सांगू, मी फार सुखात होतो.

रामसरन यांची एकुलती मुलगी इंद्राणी बंदरावरच्या एका कचेरीत काम करी. निशिकांत दामले नावाचा पुण्याचा इंजिनियर ज्या जहाजावर होता, ते एकदा दुरुस्तीसाठी तिथे अडकून पडलं. त्या मुक्कामात दोघांचं जमलं. लग्न झालं. पुढे निशिकांतने जहाज सोडलं, सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागातल्या एका कंपनीत नोकरी धरली आणि दोघं तिथेच राहिली. मागे रामसरन, त्यांची बायको, मी आणि कॅप्टन. मग बायकोही वारली.

दोन हजार पाच सालच्या जानेवारीत जॉर्जटाउनला पाऊस लागला तो थांबेचना. कालवे फुगले, झडपा कमी पडल्या. शहराच्या पूर्वेला, जिथे आमचं घर होतं, तिथे पाणी छातीपर्यंत आलं. रामसरन यांनी मला वरच्या मजल्यावर आढ्याला टांगलं. घाणेरड्या पाण्यातून येजा करून त्यांना ताप भरला. शेजारी होडी घेऊन आले आणि आग्रहाने त्यांना इस्पितळात न्यायला निघाले. निघताना रामसरन यांनी कॅप्टनला दाणे घातले, वाटी पाण्याने भरली आणि माझी कडी लावली. संध्याकाळी येतोच, असं त्याला सांगितलं.

ते आले नाहीत. ताप डोक्यात चढला होता. शुद्ध येई तेव्हा ते कॅप्टनचं विचारत, पण आमच्या गल्लीत जाईल अशी होडी मिळत नव्हती. दाणे संपले, मग पाणी संपलं. मित्रांनो, माझी कडी बाहेरून आहे. मी कितीही इच्छा केली तरी मला ती काढता येत नाही. कॅप्टन आधी ओरडला, मग नुसता बसून राहिला, आणि एका सकाळी खाली पडला.

इंद्राणी विमानाने आली. वडील वाचले होते, पण निम्मे झाले होते. ती त्यांना सिंगापूरला घेऊन आली. त्यांनी सोबत फक्त मला घेतलं.

दामल्यांच्या घरात निशिकांतची आई सुचित्राबाई आणि निशिकांत-इंद्राणीची नऊ वर्षांची मुलगी श्रिया होत्या. रिकामा पिंजरा घरात बरा नव्हे, असं सुचित्राबाईंनी मुलाला हळूच सांगितलं. तेवढ्यात श्रियाने त्यांना "आजी" म्हणून हाक मारली आणि रामसरन चमकले. आमच्याकडेही बापाच्या आईला आजीच म्हणतात, ते म्हणाले. आईच्या बापाला काय म्हणतात, असं सुचित्राबाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. "नाना." त्या दिवसापासून ते सगळ्यांचे नाना झाले आणि माझ्याविषयी कुणी काही बोललं नाही.

दोघं म्हातारी रोज खाली समुद्रावर फिरायला जात. नाना म्हणत, आमच्या समुद्राच्या भिंतीवर ईस्टरला सगळं शहर पतंग उडवतं, समुद्राचा वारा असा की पतंग गुणगुणतात. पाणी ओसरलं असेल, एकदा जाऊन येऊ, असं ते इंद्राणीला सांगत. ती म्हणे, श्रियाची परीक्षा होऊ दे. ती आता एका बँकेत नोकरी करी; मग म्हणे, बँकेत वर्षअखेरीचं काम आहे. ती खोटं बोलत नव्हती. काम खरंच होतं.

डिसेंबरात सुचित्राबाई पुतण्याच्या लग्नासाठी पुण्याला गेल्या. नाना एकटेच फिरायला गेले आणि वाट चुकले. सगळ्या इमारती त्यांना सारख्याच दिसत. अखेर पोलिसांनी त्यांना घरी आणून सोडलं. इंद्राणीचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना ती दाराबाहेरच्या लोखंडी जाळीला बाहेरून कुलूप लावू लागली.

नाना जाळीशी खुर्ची घेऊन बसत. गजांतून दिसणारा व्हरांडा पाहत. चिनी नववर्षाच्या दिवसांत शेजारची म्हातारी आली आणि सणाच्या रिवाजाप्रमाणे तिने गजांमधून दोन संत्री आत दिली. नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मला ते बघवेना.

त्या संध्याकाळी इंद्राणीने कुलूप काढलं, तेव्हाही नाना तसेच बसले होते. संत्री मांडीवर होती.

"मी कॅप्टनला विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

तिला कळेना. ती चपला न काढता उभी राहिली.

"त्याची कडी लावताना मला वाटलं, संध्याकाळी येईनच. तुलाही रोज तसंच वाटतं, बेटी. पण परत यायला जमतंच असं नाही."

इंद्राणी तिथेच जमिनीवर बसली. तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली. निशिकांतने रात्रीच्या जेवणाआधीच विमानाची तिकिटं काढली. ईस्टरला सगळ्यांनी जॉर्जटाउनला जायचं ठरलं. "पण तोवर बाहेर जाताना हँडफोन न्यायचा हं नाना, विसरू नको लाह," श्रियाने आपल्या सिंगापुरी ढंगात बजावलं. नाना हसले. या घरात मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं.

सुचित्राबाई परत आल्या, पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी नाना खिडकीशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. जाळी उघडी होती, वारा आरपार वाहत होता. सुचित्राबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी दोनदा हाक मारली. मग चहा खाली ठेवून त्यांनी निशिकांतला फोन केला.

तिकिटं रद्द झाली नाहीत. निशिकांत, इंद्राणी आणि श्रिया ईस्टरला अस्थी घेऊन गेले. परत आल्यावर श्रियाने माझ्याखाली बसून आजीला सगळं सांगितलं. पतंगांनी आभाळ भरलं होतं. समुद्राच्या भिंतीवरून अस्थी पाण्यात सोडल्या. घराच्या भिंतीवर पुराची रेघ अजून दिसते. धक्क्यावर डेस्मंड अंकल भेटले, ती म्हणाली. त्यांच्या हातात एक छोटा पिंजरा होता. रामसरन येणार असं कळल्यावर त्यांनी टोवा-टोवाचं एक पिल्लू आणून, शीळ घालून घालून गायला शिकवलं होतं. नानांना देण्यासाठी. वाईट बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

"मग?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"ममाने सांगितलं. मग ते पिंजरा मागे लपवायला लागले, आजी. आम्हाला दिसू नये म्हणून."

सुचित्राबाईंनी तिला जवळ ओढलं.

मित्रांनो, माझी कडी माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जपा, पण जपता जपता कोंडू नका. आणि एकदा गावी जाऊन येऊ या, असं तो म्हणाला, तर पुढच्या सुट्टीत बघू म्हणू नका. त्याला लवकर न्या. तिकडेही कुणीतरी त्याच्यासाठी पाखरू वाढवत बसलेलं असतं.