पावाची शिडी

डॉक्टरीणबाईचं बाकी सगळं सोसता येत होतं, पण ती आपल्या मेलेल्यांचं ताट मांडत नाही, हे सातुर्निनाला सोसवत नव्हतं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी बोलिव्हियातल्या या साऱ्या ओरुरो गावात मेलेली माणसं जेवायला येतात. भिकाऱ्याच्या खोपटातसुद्धा त्यांच्यासाठी काहीतरी मांडलेलं असतं. आणि हिच्या माडीवरच्या खोलीचं दार दरसाल आतून बंद. भाडेकरू पडली सातुर्निनाची, म्हणून शेजारणी तिलाच टोमणे मारत, की तुझ्या घरून आत्मे उपाशी परततात हो.

ही हेडविग क्राउस युरोपातल्या मोठ्या लढाईच्या दिवसांत व्हिएन्नाहून एका पेटीनिशी एकटी आली. तिची पदवी इथे कुणी मानेना. इस्पितळाने तिला तळघरातली मढ्यांची खोली दिली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. बाईमाणूस मढी फाडते, म्हणून आधी सगळे हसले. मग तिथल्याच एका खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक लावून ती जिवंत माणसांच्या गाठींचे तुकडे तपासू लागली, आणि तेच हसणारे डॉक्टर हातात बरण्या घेऊन जिन्यात ताटकळू लागले. सातुर्निनाला मनातून त्याचा अभिमान होता. तोंडाने मात्र ती म्हणे, आधी हात धू, माझी मक्याची दारू नासेल. त्याच दारूच्या गुत्त्यावर तिने नवऱ्यामागे दोन पोरं वाढवली होती.

त्या ऑक्टोबरात खाणीत राबणारा थोरला बासिलिओ खोकून खोकून गेला. खाणीचा डॉक्टर म्हणाला, क्षय. गुत्त्यात वाढलेला पोर, आणखी काय व्हायचं? धाकटा तेओदोरो त्याच खाणीत उतरायचा. त्याला ते पटलं. त्याने दारू सोडली. खाण नाही सोडली.

हेडविग खाली आली, बासिलिओच्या शवपेटीपाशी उभी राहिली आणि तिने त्याची फुप्फुसं मागितली. सातुर्निनाने ठेवणीतल्या सगळ्या शिव्या बाहेर काढल्या. पोरगं अर्धंमुर्धं पुरायचं? ताटाशी पावाची शिडी ठेवतात ती काय शोभेला? तिच्यावरूनच तर मेलेला खाली उतरतो. छातीत भाताच नाही, तो शिडी उतरेल कसा?

हेडविगने सगळं ऐकून घेतलं.

"दोन्या," इथल्या बायकांना मारायच्या मानाच्या हाकेने ती हळूच म्हणाली, "छातीत भाता होता, तेव्हाही त्याला तुमचा जिना चढवत नव्हता."

सातुर्निना कबूल झाली. पण दोन अटी घालूनच. काढलेलं सगळं परत जागच्या जागी शिवायचं. आणि कापताना तेओदोरो समोर उभा राहील.

तळघरात ती लेकाचा दंड धरून उभी होती. सुरी फुप्फुसात शिरली आणि करकरली, विळा दगडावर घासावा तशी. हेडविगने तो काळा, जड तुकडा तेओदोरोच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, खाणीतली धूळ आहे ही, आत जाऊन दगड झालेली. दारूने असं होत नाही. तेओदोरोचा दुसरा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला.

दुसऱ्या दिवशी खाणीचा भोंगा वाजला. तो उठला नाही.

खाणीवाले हेडविगला खोटी पाडायला आले. तिने सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला आणि बघा म्हणाली. बघायला कुणी वाकलं नाही.

पहिल्या तारखेला सकाळीच सातुर्निनाने बासिलिओचं ताट मांडलं. पावाची शिडी, काठी म्हणून ऊस, पाणी न्यायला कांद्याची पोकळ पात. तेओदोरो पावाच्या भट्टीशी होता. माडीवरचं दार बंद. यंदा मात्र तिने जाऊन ते ठोठावलं.

हेडविगने उघडलं. आई मागेच राहिली होती म्हणाली, एका सकाळी शिपायांनी तिला गाडीत घालून नेलं. लढाई संपून इतकी वर्षं झाली, पण ती मेली असं कुणीच कळवलेलं नाही.

"ताट मांडलं, की मीच तिला मारल्यासारखं होईल, दोन्या."

सातुर्निना उंबऱ्यातच उभी राहिली. 

"माझ्या लेकाच्या छातीत काय होतं ते तू मला बघायला लावलंस, पोरी," ती म्हणाली. "नसतं बघितलं, तर दुसराही गेला असता. आणि स्वतःची पाळी आली की खाणीवाल्यांसारखी तोंड फिरवतेस. भित्री आहेस तू. चल खाली, पीठ उरलंय. तुझ्या आईला शिडी लांब लागेल, समुद्र ओलांडून यायचंय तिला."